जुन्या व्हॅनचं कॅम्पर करताय? आधी झोपायचं कुठे ते ठरवा, बाकीचं मग बोलू

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या नवऱ्याने मला त्याच्या कॅम्परची, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशा गाडीची, व्हॉट्सॲपवर लिस्ट पाठवली. सतरा आयटम. फ्रिज, सिंक, दोन बर्नरची शेगडी, बेड होणारा सोफा, एसी, छत वर उचलणारं पॉप-टॉप, टीव्ही, टॉयलेट, गिटार अडकवायला हूक असं करत करत शेवटी 'लुक मात्र व्हिंटेज पाहिजे हं'. मी विचारलं गाडी कुठली, तर म्हणाला गाडी अजून बघतोय. झोपणार किती जण विचारलं तर म्हणाला ते नंतर बघू.

म्हणून हे लिहितेय. मी गाड्यांमधली एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही, पोटासाठी मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची ड्रॉइंग काढते, पण तीन वर्षांपूर्वी दादाने १९८८ ची एक मॅटाडोर उचलली आणि तिच्या आतलं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यात जे वाचून कळलं आणि जे पैसे घालवून कळलं ते दोन्ही इथे टाकते.

आम्ही दोघं लालबागच्या चाळीत वाढलो. एक खोली, सहा माणसं. ती खोली दिवसातून चार वेळा बदलायची, सकाळी गाद्यांची वळकटी कॉटखाली गेली की स्वयंपाकघर, दुपारी आईचं शिवणयंत्र, संध्याकाळी आमचा अभ्यास, रात्री परत झोपायची खोली. वर माळा, कोपऱ्यात मोरी, बाहेर गॅलरी. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते आणि त्यात पिढ्यानपिढ्या संसार झाले. मॅटाडोरमध्ये ड्रायव्हरच्या मागे आम्हाला मिळाले साधारण साडेआठ फूट बाय पाच फूट, म्हणजे बीडीडीच्या खोलीचा जेमतेम पाव भाग. मिस्त्रीच्या हातात कागद देण्याआधी मी आठवडाभर एकच गोष्ट मोजत बसले: एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला चहा करायचा असेल तर किती वस्तू हलवाव्या लागतात? आमच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये उत्तर आलं सात. आता दोन आहेत. या सातचे दोन कसे झाले तेच खरं तर पुढे सांगणार आहे.

जुन्या कॅम्परवाल्यांनीही हेच कोडं सोडवलेलं आहे, त्यामुळे थोडा इतिहास. फोक्सवॅगनची ती गोल चेहऱ्याची व्हॅन, जिचं चित्र टी-शर्टवर असतं, तिचं पहिलं स्केच बेन पॉन नावाच्या डच माणसाने १९४७ मध्ये काढलं आणि १९५० मध्ये ती बनायला लागली. १९५१ मध्ये वेस्टफालिया नावाच्या जर्मन कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला, आणि ही आयडिया मला फार आवडते, कारण आठवडाभर गाडी धंद्याला वापरायची आणि सुट्टीत तो लाकडी बॉक्स आणि गाद्या आत टाकल्या की झालं कॅम्पर. म्हणजे सुरुवातच मुळी काढता-घालता येणाऱ्या फर्निचरने झाली. पक्कं बसवलेलं कपाट, सिंक, आइसबॉक्स हे सगळं मागाहून आलं. तिकडे इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्डच्या व्हॅनवर 'डॉर्मोबिल' केली, तिचं छत एका कुशीवर उघडायचं, मध्ये पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि वर झोपायला झोळीसारखे बंक. आपल्या भाषेत माळाच की.

आपल्याकडे फोक्सवॅगनची जुनी बस मिळणं मुश्कील आणि मिळाली तर किंमत ऐकून माणूस पाणी मागतो. आपली व्हॅन म्हणजे मॅटाडोर. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९६९ पासून काढलेली, मूळ जर्मन, आणि आपल्याकडे इतकी चालली की कुठल्याही व्हॅनला लोक मॅटाडोरच म्हणायला लागले. तिचा आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती फ्रंट व्हील ड्राइव्ह, इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट नाही आणि आतली जमीन खाली आणि सपाट मिळते. त्याउलट मारुतीची ओम्नी, इंजिन पुढच्या सीटखाली, मागे सपाट, पण रुंदी बाहेरून मोजली तरी १.४ मीटरच्या आसपास, त्यात दोन माणसं आडवी झोपली तर कूस बदलायला परवानगी घ्यावी लागेल.

कागदपत्रांचं आत्ताच सांगते, नाहीतर लोक थेट पडद्यांच्या रंगावर जातात. 'व्हिंटेज' हा शब्द आपण सहज वापरतो पण २०२१ पासून नियमात त्याला ठरलेला अर्थ आहे: ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या रजिस्ट्रेशनची फी २० हजार, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे व्हीए नंबर घेऊन गणपतीला गावी जायचं विसरा. आमची १९८८ ची आहे, ती कायद्याने नुसती जुनी गाडी, आणि ते आमच्या सोयीचंच आहे. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने जशी बनवली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा सरकारी यादीत वेगळा प्रकार आहे, तेव्हा कापाकापीच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नको. आम्ही छताला भोक पाडलं नाही, पत्रा कापून खिडकी केली नाही, फर्निचर सगळं बोल्टवर. ही कंजुषी वाटेल पण जुन्या गाडीचा मूळ पत्रा एकदा कापला की कापला.

आता झोप. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण बेड ठरला की उरलेली अर्धी लिस्ट आपोआप ठरते किंवा कटते.

आडवं झोपायचं की उभं? पाच फूट रुंदीत आडवं झोपणारा एकच प्राणी म्हणजे माझी भाची. त्यामुळे बेड गाडीच्या लांबीतच. त्याचे तीन-चार प्रकार आहेत. एक, कायमचा पलंग, खाली सामान. झोपायला सगळ्यात मस्त, काही हलवायला नको, पण साडेआठातले सहा फूट दिवसभर गादीने खाल्ले, पाऊस लागला की बसायला जागा नाही. दोन, जुन्या फोक्सवॅगनवाल्यांचा लाडका 'रॉक अँड रोल बेड', म्हणजे मागचं बाकडं पुढे ओढलं की पाठ खाली पडते आणि मागच्या फळीला जुळून सपाट बेड होतो. बघायला जादू. पण त्याची गंमत अशी की बाकड्यावर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला रात्री दुसरी जागा शोधावी लागते, आणि सांधा नेमका कमरेखाली येतो. तीन, समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल, टेबल खाली उतरवलं की मधली जागा भरते. आपण सगळ्यांनी हे रेल्वेत केलंय, साइड लोअरच्या दोन सीट पाडून जो बर्थ होतो तोच हा, आणि मधल्या फटीत पाठ कशी अडकते हे ज्याला माहीत नाही त्याने कोकणात रात्रीचा प्रवास केलेला नाही.

आम्ही चौथा घेतला, जो कुठल्याच ब्रोशरमध्ये नसेल. डाव्या बाजूला दोन फूट रुंदीचं लांब बाक, त्याच्या पट्ट्या एकाआड एक, आणि दुसऱ्या पट्ट्यांची चौकट त्यांच्यामधून सरकून बाहेर येते, बोटांत बोटं घातल्यासारखी. बंद असताना एकाचा पलंग, ओढला की दोघांचा साडेतीन फूट. एक जण आधी उठला तर दुसऱ्याला न उठवता आपली गादी गुंडाळून अर्धा भाग परत ढकलू शकतो. सातचे दोन होण्यात सगळ्यात मोठा वाटा याचा. गादी दोन तुकड्यात, प्रत्येकी चार इंच, खाली हाय डेन्सिटी फोम आणि वर एक इंच मऊ. सगळीच मऊ घेतलीत तर तिसऱ्या रात्री पट्ट्या मोजता येतात. आणि गादी थेट प्लायवर ठेवू नका, खाली हवा लागत नाही, माणसाच्या अंगाची वाफ खाली जाऊन थंड होते आणि बुरशी धरते. पट्ट्या त्यासाठीच.

पॉप-टॉपचं काय? हवा येते, उभं राहता येतं, वर दोघं झोपतात, फोटो तर काय येतात. पण कापड आहे ते. युरोपात उन्हाळी सुट्टीला चार आठवडे वापरून कोरडं करून मिटतात. मुंबईत जूनमध्ये ओलं मिटलंत की ऑगस्टमध्ये उघडल्यावर वास आधी बाहेर येतो, मग कापड. शिवाय वर तो छत कापायचा प्रश्न. आम्ही सोडून दिलं. माझी उंची पाच चार आहे आणि मी आत मान वाकवूनच चालते, दादा तर रांगतोच, आणि त्याची सवय होते. आत सगळं बसूनच करायचं असं एकदा ठरवलं की उंचीचं एवढं काही वाटत नाही.

आता सीट. चालत्या गाडीत माणसं बसणार असतील तर ती नीट सीटवर, बेल्ट लावून, आणि तो बेल्ट गाडीच्या लोखंडाला बांधलेला, सुताराने केलेल्या बाकड्याला नाही. प्लायच्या बाकाला स्क्रूने बेल्ट मारून देणारे लोक आहेत, मी पाहिलेत. जोरात ब्रेक लागला की माणसाचा भार कित्येक पटीने वाढतो आणि तो स्क्रू लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. आमच्याकडे नियम सोपा, गाडी चालू असताना मागच्या बाकावर कोणी नाही. चार जण जायचं असेल तर दोघं दुसऱ्या गाडीने. घरात यावरून भांडणं झालीत, पण नियम आहे तो आहे.

किचनबद्दल एक प्रश्न आधी स्वतःला विचारा: तुम्ही आत फोडणी देणार आहात का? परदेशी फोटोत जी छोटी गोड शेगडी दिसते तिच्यावर ते लोक सूप गरम करतात. आपण बांगडा तळणार. एकदा आत बांगडा तळला की तो वास फोममध्ये, पडद्यात, छताच्या कापडात पुढच्या गणपतीपर्यंत राहतो. त्यामुळे आमचं किचन मागच्या दाराशी आहे, दार उघडलं की ड्रॉवरसारखं बाहेर सरकतं, आणि स्वयंपाक करणारा जमिनीवर उभा राहतो, मान सरळ. पावसासाठी वर ताडपत्री. आत चहा-कॉफीपुरती इलेक्ट्रिक किटलीसुद्धा नाही, का ते विजेच्या भागात कळेल.

गॅसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो, आणि मॅटाडोरची जमीन म्हणजे एक मोठी परातच. चांगल्या जुन्या कॅम्परमध्ये सिलेंडरला वेगळा बंद कप्पा असतो, आतल्या बाजूने हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक, गळलेला गॅस खाली रस्त्यावर पडतो. हे करायचं नसेल तर सिलेंडर आत ठेवून झोपू नका. आणि थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपणं तर कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. महाबळेश्वरला गेलात तर एक ब्लँकेट जास्त घ्या. दाराजवळ हात पोचेल तिथे छोटं पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर, बेडवरूनही हात पोचला पाहिजे.

पाणी पटकन सांगते. एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे दीडेक माणूस कायम सोबत, तोही एका बाजूला बसलेला. आम्ही २० लिटरचे दोन कॅन ठेवतो, एक वापरात एक भरलेला, सिंकला पायाने दाबायचा पंप, आणि खाली सांडपाण्याला तिसरा रिकामा कॅन. पायाच्या पंपाने पाणी इतकं कमी लागतं की विचारू नका, नळ चालू ठेवून दात घासताच येत नाहीत. कॅन किचनच्या विरुद्ध बाजूला, चाकांच्या जवळ, म्हणजे गाडी एका कुशीवर झुकत नाही.

टॉयलेट. मला आजवर 'टॉयलेटची काही गरज नाही, ढाबे आहेत की' असं सांगणारे सगळे पुरुष होते. रात्री तीन वाजता बंद ढाब्यामागे मोबाईलचा टॉर्च घेऊन जाऊन बघा म्हणावं. वेगळी खोली करायला जागा नाही हे बरोबर, पण दोन भागांचं पोर्टेबल टॉयलेट येतं, वर फ्लशचं पाणी, खाली बंद टाकी, आमचं बाकाच्या शेवटच्या खणात बसतं, वरून पडदा. रोज वापरत नाही. आहे म्हणून आई सोबत येते.

आता वीज, जिच्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. घरात २३० व्होल्ट, गाडीत १२ व्होल्ट. तेवढीच पॉवर कमी व्होल्टने न्यायची तर करंट जास्त लागतो, हंड्याऐवजी तांब्याने पाणी न्यायचं म्हणजे फेऱ्या जास्त तसं. २४० वॉटचं उपकरण घरी साधारण १ अँपिअर घेतं, गाडीत तेच २० अँपिअर. म्हणून घरच्या फॅनच्या बारीक वायरचा उरलेला तुकडा गाडीत वापरला की तो गरम होतो आणि मागे प्लाय, फोम, कापड सगळं जळायलाच बसलंय. जाड वायर घ्या, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज, कारण फ्यूज वायरला वाचवतो आणि फ्यूजच्या आधीच्या वायरला कोणी वाली नसतो. फोक्सवॅगनच्या १९६७ च्या आधीच्या कित्येक बस तर ६ व्होल्टच्या, त्यात आजचं एकही उपकरण सरळ लागणार नाही.

हिशोब आमचाच देते. १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट, उकाड्यात निम्मा वेळ चालू धरला तर दिवसाला ५४० वॉट-अवर (वॉट गुणिले तास). एक पंखा २० वॉट, नऊ तास, १८०. एलईडी दिवे ४०, दोन फोन ३०. बेरीज ७९०. आता १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे कागदावर १२८० वॉट-अवर, दीड दिवस आरामात. तेवढीच साधी लेड-ॲसिड घेतली तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही कारण तिचं आयुष्य संपतं, मग हातात येतात ६००, म्हणजे पहाटे फ्रिज बंद आणि आत कोलंबी. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनल डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात ६०० ते ७०० पर्यंत देतं, जुलैमध्ये त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नका. आणि एसी? एक टनाचा साधारण १००० वॉट ओढतो, ही अख्खी बॅटरी त्याला तासभर पुरेल. किटलीचंही तेच, दीड हजार वॉट. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या लिस्टमधून इथे एकदम चार आयटम गेले.

एक महत्त्वाचं, आतली बॅटरी आणि गाडी स्टार्ट करायची बॅटरी वेगळ्या ठेवा, मध्ये चार्जर किंवा रिले असा की इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातात. नाहीतर रात्री पंखा लावून झोपाल आणि सकाळी धक्का मारायला गाव गोळा करावा लागेल. आमच्या बाबतीत गुहागरच्या किनाऱ्यावरची क्रिकेटची टीम होती, छान मुलं.

मग एसी नाही तर झोपायचं कसं? हवेने. यावर इंटरनेटवर जे मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं, भिंतीत जाड इन्सुलेशन भरा, आतून प्लास्टिक लावा वगैरे. त्यांचा प्रश्न आतली ऊब राखायचा. आपला प्रश्न उलटा. मुंबईत रात्री बाहेरच २७ डिग्री आणि हवा ओली, दिवसभर उन्हात तापलेली गाडी रात्री तीच उष्णता धरून बसली तर जाड इन्सुलेशन म्हणजे थर्मासच. त्यामुळे आम्ही फक्त छताला आणि उन्हाच्या बाजूला काळा बंद पेशींचा रबर फोम चिकटवला, एसीच्या पाइपांवर असतो तसा, जो पाणी पीत नाही. काचेची लोकर अजिबात नाही, ती एकदा ओली झाली की पत्र्याला आतून गंज लावत बसते आणि वरून काही दिसत नाही. छत बाहेरून पांढरं रंगवलं. सगळ्या उपायांत सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त फरक पडलेला तोच.

दोन माणसं रात्रभर श्वासातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. खिडक्या बंद असतील तर ते पत्र्यावर जमतं, थेंब खाली ओघळतात आणि जमिनीच्या कडेला साचतात, जुन्या गाड्या तिथूनच सडतात. म्हणून दोन उघडी तोंडं हवीत, एक खाली एक वर, गरम हवा वरून बाहेर आणि गार खालून आत. पण पाऊस? इथे वेस्टफालियावाल्यांचं उत्तर आपल्या ओळखीचं निघालं. त्यांच्या जुन्या कॅम्परना आडव्या काचांच्या पट्ट्यांच्या खिडक्या असायच्या, हँडल फिरवलं की सगळ्या पट्ट्या तिरक्या उघडतात, हवा आत, पाणी बाहेर. म्हणजे जुन्या बिल्डिंगच्या बाथरूमला असते ती लूव्हरची खिडकी! मूळ सरकत्या काचेच्या चौकटीत बसतील अशा अ‍ॅल्युमिनियमच्या लूव्हर आम्ही करून घेतल्या, पत्रा न कापता, आतून मच्छरदाणीची जाळी. एका लूव्हरच्या आत १२ व्होल्टचा पंखा बाहेर हवा फेकणारा. धो धो पावसात आत झोपलोय आणि गुदमरलो नाही, एवढंच सांगते.

लाकडाबाबत माझी स्वतःचीच चूक. मी किचनवाली असून पहिली कपाटं पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) केली, कारण ऑफिसमध्ये उरलेली होती आणि फुकट होती. एका पावसाळ्यात कडा फुगून पुरीसारख्या झाल्या. आता सगळं बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा मरीन प्लाय, आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघून, आणि कापलेली प्रत्येक कड सील केलेली, दिसणारीच नाही तर भिंतीकडची पण. जाडी १८ एमएम घेऊ नका, आठ बाय चारची एक शीट पस्तीसेक किलो भरते, अशा पाच शीट म्हणजे गाडीत दोन-तीन माणसं जास्त. ९ आणि १२ एमएममध्ये काम होतं, मात्र सुताराला पटवावं लागतं कारण त्याला वाटतं मॅडम पैसे वाचवतायत. आमच्या मिस्त्रीने शेवटी स्वतःच एक वाक्य सांगितलं जे मी डायरीत लिहून ठेवलंय, 'मॅडम, घर खडा रहता है, गाडी हिलती है'. त्यामुळे नुसता फेविकॉल आणि खिळा चालत नाही, सांध्याला स्क्रू आणि कोपऱ्यात धातूची अँगल, बोल्टला लॉक नट. ड्रॉवरला चुंबकाचे कॅच लावले होते ते कशेडी घाटातल्या दुसऱ्याच वळणाला उघडले आणि डाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा सगळं जमिनीवर एकत्र. खिचडीची तयारी झाली म्हणा. आता दाबून उघडणारे लॅच आहेत.

आणि लुक, ज्यासाठी सगळा अट्टहास. मला विचाराल तर जुनेपणा तीन-चार ठिकाणी हाताला लागला की पुरतो, सगळीकडे नको. रे रोडच्या दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचं सामान मिळतं, तिथे पितळेच्या कड्या, बिजागऱ्या, हूक बघा, समुद्रात टिकलेलं पितळ दमट हवेला घाबरत नाही. चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुने दिवे, स्विच, पण स्विच शोभेलाच, आतली वायरिंग नवी. पडद्याचं चौकटीचं कापड मंगलदास मार्केटमधून, कॉटन मिक्स, गडद रंग, कारण हायवेवरच्या ट्रकचे हेडलाइट फिक्या पडद्यातून थेट डोळ्यात येतात. सीटला रेक्झिन जुन्या काळचं दिसतं खरं पण मे महिन्यात मांडीला चिकटतं, बसायच्या भागाला जाड कॅनव्हास आणि कडेला रेक्झिनची पायपिंग हा मधला मार्ग. जमिनीवर कार्पेट नको, लिनोलियमसारखी शीट टाका आणि कडेला एक इंच वर चढवा. डॅशबोर्ड, मूळ हँडल, खिडकीचे रबर यांना हात लावू नका, ते परत मिळत नाहीत.

प्लाय आणायच्या आधी एक गोष्ट मात्र नक्की करा. फ्रिज-टीव्हीचे रिकामे खोके आणा, कटर आणि ब्राउन टेप, आणि सगळं फर्निचर आधी पुठ्ठ्याचं करा. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. दादा आणि मी दोन रात्री त्या पुठ्ठ्यात झोपलो, उठलो, खोटा चहा केला, पाऊस येतोय असं समजून दारं लावली. पहिल्याच रात्री कळलं की फ्रिजचं दार बाकाला आपटतं, आणि दिव्याचं बटण जिथे ठेवलंय तिथे झोपून हात पोचत नाही. वॉचमन काका दुसऱ्या दिवशी सकाळी काचेतून वाकून बघत होते, म्हणाले ताई, घरी काही झालंय का? त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं, तर त्यांनी बसल्या बसल्या डोक्यावरचं पुठ्ठ्याचं कपाट चाचपलं आणि म्हणाले हे चार बोटं वर घ्या, उठताना लागेल. घेतलं.